काकूंनी कोणती गोष्ट वाचायची

"लिहायला शिकवतेस म्हणजे काय करतेस गं, पोरांचं अक्षर सुधारतेस?" पुसदला गेले की माझे मोठे काका दर वेळी हे विचारतात. त्यांची ती थट्टा असते. अमेरिकेतली आपली मंडळी तोच प्रश्न जरा सुधारून विचारतात. "यार, राइटिंगमध्ये मास्टर्स? पण लिहिणं आतून यावं लागतं ना?" मी म्हणते, गाणंही आतूनच यावं लागतं, तरी लोक गुरूकडे जातात. कुस्ती अंगात असावी लागते, तरी आखाड्यात उस्ताद असतोच. मग लिहिण्यालाच तेवढं शिकण्याचं वावडं का असावं?

मी पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावात राहते. गावात भलंमोठं विद्यापीठ आहे, पण मी शिकवते ती संस्था वेगळी आणि लहान आहे. तिथे सर्जनशील लेखनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, बहुतेक नोकरदार आणि निवृत्त माणसांसाठी. विद्यार्थी हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात काही दिवस इथे येऊन राहतात. बाकीचे महिने ते घरून पानं पाठवतात आणि मी ती वाचून, समासात शेरे लिहून परत पाठवते. माझं काम एवढंच. गोष्टी वाचायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मुलगी अमेरिकेत शिकवते हे आईला कळायचं, पण गोष्टी वाचण्याचे कुणी पैसे देतं हे तिला शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. मलाही काही सकाळी वाटत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला पहिल्यांदा एबीसीडी गिरवलेल्या मुलीला कुणीतरी हे काम दिलं, याचं मला आजही अप्रूप आहे.

आमच्या धंद्याचं मुख्य हत्यार म्हणजे कार्यशाळा. दहा-बारा जण एका टेबलाभोवती बसतात. ज्याची गोष्ट असेल त्यानं ती आठवडाभर आधी सगळ्यांना दिलेली असते. मग चर्चा होते आणि चर्चा चालू असताना लेखकानं तोंड उघडायचं नसतं. 'मला तसं म्हणायचं नव्हतं' असं म्हणायची सोय नाही. 'पण हे खरंच घडलंय' असंही नाही. पुस्तक विकलं गेलं की लेखक प्रत्येक वाचकाच्या घरी जाऊन खुलासा करू शकत नाही, त्याची ही रंगीत तालीम. शेवटी त्याला दोन शब्द बोलायला मिळतात. बहुतेक जण "थँक यू" म्हणतात आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन येतात.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची येतात. एक निवृत्त दंतवैद्य होते. त्यांच्या कादंबरीत कुठलंही पात्र आलं की आधी त्याचे दात यायचे. नायिकेचं नाव कळायला चौथं पान उजाडलं, पण तिची अक्कलदाढ पहिल्याच पानावर भेटली. वर्गातले बाकीचे म्हणाले, हे दात काढून टाका. मी म्हटलं, काढू नका, कमी करा. जगात इतके लेखक डोळ्यांवर जगले, एखादा दातांवर जगला तर काय बिघडलं? दुसऱ्या एका तरुणाच्या प्रत्येक गोष्टीत शेवटी कुणीतरी झोपेतून जागं व्हायचं. त्याला मी वर्षभर सगळी पात्रं जागी ठेवण्याची शिक्षा दिली. पुढे तो चांगलं लिहू लागला, पण ख्रिसमसला मला उशी भेट पाठवायला विसरला नाही.

मीही कधीकाळी याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले होते. माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. वरात पोचवून घरी आले की गणवेशाचा कोट खुंटीला लावून ते ओट्यावर बसत आणि लोकांनी ज्यासाठी कधी पैसे दिले नसते असं काहीतरी स्वतःपुरतं वाजवत. त्यावर मी गोष्ट लिहिली. टेबलाभोवतीची मुलं भली होती. त्यांनी माझा अर्ज वाचला होता, मी कुठल्या समाजातून आले ते त्यांना ठाऊक होतं. ती म्हणाली, गोष्ट छान आहे, पण यात दुःख कुठे आहे? अपमान कुठे आहे? हा माणूस इतका मजेत कसा? नियमाप्रमाणे मी गप्प होते. शेवटी "थँक यू" म्हटलं. त्यांना दुःख हवं होतं आणि ते माझ्याकडे होतंही, पुष्कळ होतं, पण त्या गोष्टीत नव्हतं. ती गोष्ट मी पुन्हा हातात घेतली नाही.

हे सांगायचं कारण सुनंदाकाकू.

सुनंदाकाकू न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या. मूळच्या भंडाऱ्याकडच्या, आयुष्यभर फार्मासिस्टची नोकरी केलेल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्याकडे अर्ज केला. आमच्या वर्गात सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, शिक्षकांनासुद्धा. पण आईच्या वयाला टेकलेल्या बाईंना 'सुनंदा' म्हणताना माझी जीभ टाळ्याला चिकटायची. शेवटी आमच्यात तह झाला. वर्गात सुनंदा, वर्गाबाहेर काकू. त्यांनी मला मात्र दोन्हीकडे 'मॅडम'च ठेवलं.

अर्जासोबत त्यांनी जी गोष्ट पाठवली होती ती त्यांच्या वडिलांची. रेल्वेत गँगमन असलेला माणूस, रुळांवर घण मारतो, जादा पाळ्या करतो आणि मुलीला फार्मसीला घालतो. या गोष्टीवरच त्यांना प्रवेश मिळाला. पार्सिपनीत आणि आसपास आपली जी बौद्ध मंडळी आहेत त्यांच्या भीमजयंतीच्या कार्यक्रमांत काकू ती दरवर्षी सांगत. वर्गातल्यांनाही ती फार आवडली. ती खोटी नव्हती आणि वाईटही नव्हती. पण काकूंनी ती इतक्या वेळा सांगितली होती की तिचे सगळे कोपरे घासून गुळगुळीत झाले होते. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं ठरलेलं. तिच्यात वडील होते, समाज होता, फक्त काकू कुठे दिसत नव्हत्या.

दुसऱ्या वर्षी मी सगळ्यांना एक गृहपाठ दिला. तुम्ही रोज जिथे असता पण जिच्याबद्दल कुणाला कधी सांगितलं नाही, अशा जागेबद्दल लिहा. काकूंनी आधी देवघर नसलेल्या घरातल्या बुद्धमूर्तीच्या कोनाड्याबद्दल लिहिलं. मी समासात लिहिलं, 'याबद्दल तर तुम्ही सगळ्यांना सांगता.' मग त्यांनी स्वयंपाकघर पाठवलं. मी तेच लिहिलं. मग तीन आठवडे काहीच आलं नाही, आणि एके दिवशी गॅरेज आलं.

ती गोष्ट अशी. एक बाई कामावरून घरी येते. गॅरेजचं दार वर जातं, गाडी आत येते, दार खाली येतं, आणि बाई गाडीतून उतरत नाही. इंजिन बंद, रेडिओ बंद. समोरच्या कप्प्यात लपवलेले मसाला शेंगदाणे ती एकेक करून खाते. काही विचार करत नाही. आत घरात नवरा आहे. चांगला माणूस आहे. तो फोन करतो, "कुठे आहेस?" ती म्हणते, "हायवेवर, दोनशे सत्त्याऐंशीवर ट्रॅफिक आहे." आणि आणखी एक शेंगदाणा खाते. बस, एवढंच. नवरा मारत नाही, जगानं छळलेलं नाही. एका बाईला दिवसातला थोडा वेळ कुणाचीही कुणी नसावंसं वाटतं, इतकीच गोष्ट. पण वाचताना मी श्वास रोखून बसले होते.

समासात मी काहीच लिहिलं नाही. शेवटी फक्त लिहिलं, 'हे तुमचं आहे.'

आमच्याकडे पदवी मिळण्याआधी जाहीर वाचन करावं लागतं. गावातल्या लायब्ररीच्या छोट्या हॉलमध्ये प्रत्येकानं आपल्या प्रबंधातून, म्हणजे दोन वर्षांत लिहिलेल्या गोष्टींतून, वीसेक मिनिटं वाचायचं. मग श्रोते दोन-चार प्रश्न विचारतात, टाळ्या होतात, संपलं. पंचवीस-तीस लोक असतात, तेही एकमेकांचेच. लोक इतके शांत बसतात की एखाद्याच्या पोटातली गुरगुर सगळ्यांना ऐकू यावी.

वाचनाच्या आदल्या आठवड्यात मला मधुकरकाकांचा फोन आला. काका म्हणजे काकूंचे यजमान, निवृत्त इंजिनियर, पक्के नागपूरकर, तिकडच्या सगळ्या कार्यक्रमांचे कायमचे सूत्रसंचालक.

"जय भीम, मॅडम! पंधरा सीटर व्हॅन बुक केली. फुल झाली, दोघं वेटिंगवर आहेत."

"कशासाठी, काका?"

"म्हणजे? सत्काराला! आपल्यातली पहिली बाई आहे इथं साहित्यात मास्टर्स करणारी. शाल आहे, बुके आहे, मी पाच मिनिटं बोलीन. आलुबोंडे शंभर पुरतील ना?"

मी म्हटलं, काका, हा सत्कार नाही, ही परीक्षेसारखी गोष्ट आहे. ते म्हणाले, परीक्षा पास झाल्यावरच सत्कार असतो. मी म्हटलं, लायब्ररीत खायला चालत नाही. ते म्हणाले, "काहून? पुस्तकं खातात का?" आमच्या कार्यालयातल्या ग्लेंडाला मी भीत भीत सांगितलं की पार्सिपनीहून पंधरा पाहुणे आणि शंभर तळलेले पदार्थ येत आहेत. तिनं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तिखट आहेत का?" मग बाहेरच्या व्हरांड्यात टेबल लावायची परवानगी देऊन टाकली.

फोन ठेवता ठेवता काका म्हणाले, "सासऱ्यांची गोष्ट वाचून राहिली ना ती? मी सगळ्यांना सांगून ठेवलं, रुमाल घेऊन या."

काय वाचायचं हे काकूंनी अजून मलाही कळवलं नव्हतं.

वाचनाच्या दिवशी सकाळी काकू मला कॅम्पसच्या बसथांब्यावर भेटल्या. या खेपेला त्या स्वतःची गाडी घेऊन आल्या होत्या, ती आदल्या रात्रीच लायब्ररीपाशी लावून ठेवली होती. जाताना काका ती चालवणार होते, कारण दोघं बरोबर असले की गाडी काकाच चालवतात असा त्यांच्या घरचा शिरस्ता. काकूंच्या पिशवीत दोन्ही गोष्टी होत्या.

"मॅडम, कोणती वाचू?"

"दोन्ही तुमच्याच आहेत."

"हे मास्तरीण बोलली. वैशाली म्हणून सांगा."

पहिल्यांदाच त्यांनी मला नावानं हाक मारली होती. मी म्हटलं, "वडिलांची गोष्ट मला पाठ आहे, काकू. गॅरेजची पाठ होत नाही. दर वेळी पुढची ओळ काय येईल अशी धाकधूक होते."

त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "पंधरा माणसं माझ्या बाबांसाठी येऊन राहिलीत. मी त्यांना शेंगदाणे देऊ? म्हणतील, इतका मोठा चान्स मिळाला अन् हिनं काय वाचलं. आपण कुठून आलो ते सोडून गॅरेजमध्ये जाऊन बसली." मग आवाज उतरला. "आणि हे. इतक्या वर्षांत माझ्याशी अबोला कधी धरला नाही त्यांनी. चार लोकांत ऐकून त्यांना लागलं, अन् घरी जाऊन बोललेच नाहीत, तर?"

लिहिण्याची कारागिरी शिकवता येते, म्हणजे वाक्य कुठे तोडायचं, काय गाळायचं, हे. पण वाक्याची किंमत कुणी मोजायची, हे मला कुणी शिकवलेलं नाही आणि मी कुणाला शिकवलेलं नाही. बस आली. आम्ही चढलो. काकू सारा रस्ता पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

दुपारी व्हॅन आली. साड्या, सूट, एकीच्या हातात कॅसरोल, एकाच्या हातात व्हिडिओ कॅमेरा. ग्लेंडाला सगळ्यांनी हात जोडून जय भीम केला, तिनंही जमेल तसा केला. काका पहिल्या रांगेत मधोमध बसले, मांडीवर शाल.

काकू उभ्या राहिल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, गोष्टीचं नाव 'गॅरेज'.

काकांनी शेजारच्या गृहस्थांकडे पाहिलं. गृहस्थांनी खांदे उडवले.

त्या वाचू लागल्या. इंग्रजीत लिहिलेलं, साधं, छोट्या वाक्यांचं. दार वर गेलं, दार खाली आलं. मी काकांच्या मागे बसले होते आणि मला त्यांची मान दिसत होती. ती हलत नव्हती. फोन वाजला, नवऱ्यानं विचारलं, कुठे आहेस. बाई म्हणाली, दोनशे सत्त्याऐंशीवर ट्रॅफिक आहे.

आणि तिसऱ्या रांगेतून कॅसरोलवाल्या मावशी मोठ्यांदा म्हणाल्या, "अगं बाई! मी कॉस्कोच्या पार्किंगमध्ये बसते!"

अमेरिकन श्रोते दचकले. जाहीर वाचनात असं कुणी बोलत नाही. पण मावशींच्या शेजारची हसली, मग तिच्या पलीकडची, मग सगळ्या बायका पदर, ओढण्या तोंडाला लावून हसू लागल्या. ग्लेंडाला मराठी येत नाही, तरी तीही हसत होती. पुरुष मंडळी वर बघत होती, जणू छतावर काही लिहिलंय. काकू थांबल्या. हसू ओसरू दिलं. मग पुढची ओळ वाचली. तो विराम अगदी नेमका होता. हा मी शिकवलेला नव्हता.

वाचन संपलं. टाळ्या झाल्या. मी रीतीप्रमाणे विचारलं, कुणाला काही प्रश्न?

काका उठले. शाल खुर्चीवर ठेवली. त्यांचं पाच मिनिटांचं भाषण तोंडपाठ असणार, पण ते सासऱ्यांवरचं होतं. ते इंग्रजीत म्हणाले, "मला प्रश्न आहे. या गोष्टीतली बाई नवऱ्याला सांगत का नाही? तो काही वाईट माणूस नाही. तिनं सांगितलं असतं तर त्यानं समजून घेतलं असतं."

वर्गात लेखकानं गप्प बसायचं असतं, पण हा वर्ग नव्हता. इथे लेखकाला उत्तर द्यावं लागतं. काकूंनी कागद खाली ठेवले आणि सगळं इंग्रजी बाजूला सारून मराठीत म्हणाल्या, "सांगितलं असतं, तर तुम्ही येऊन शेजारच्या सीटवर बसला असता."

या वेळी पुरुषही हसले. काका हसले नाहीत. ते तसेच उभे राहिले, खरोखर विचार केल्यासारखे, आणि मग हळूच म्हणाले, "हो. बसलो असतो." आणि खाली बसले.

शाल मावशींनी घातली. आलुबोंडे व्हरांड्यात दहा मिनिटांत संपले, त्यातले चार ग्लेंडानं खाल्ले. काकूंभोवती बायकांचा गराडा पडला होता. एक जण त्यांना हळूच विचारत होती, "शेंगदाणे कोणते गं?" एक वयस्क गृहस्थ माझ्याजवळ येऊन जरा नाराजीनं म्हणाले, "चांगलं होतं. पण बाबांची गोष्ट राहिली." मी म्हटलं, ती प्रबंधात आहे, छापून येईल तेव्हा वाचा. तेही खोटं नव्हतं.

निघायची वेळ झाली. काकूंनी सवयीनं गाडीची किल्ली काकांपुढे धरली. काकांनी ती घेतली नाही.

"मी व्हॅनमध्ये येतो. हे लोक मला सोडत नाहीत."

कुणीही त्यांना धरलेलं नव्हतं.

"अहो, चार तासांचा रस्ता आहे."

"ठाऊक आहे. तू ये तुझ्या हिशेबानं."

व्हॅनचं दार लागलं. काकू किल्ली हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मला मिठी मारली, जी त्यांनी दोन वर्षांत कधी मारली नव्हती, आणि गाडीकडे गेल्या.

उन्हाळ्यात इथे संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड असतो. त्या दिवशी मी अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते तेव्हा काकांचा फोन आला.

"मॅडम, सुनंदा तिकडून किती वाजता निघाली?"

"तुमच्या मागोमागच, काका. का, पोचल्या नाहीत अजून?"

"आम्ही येऊन तास झाला."

"मग त्यांनाच फोन करा ना."

पलीकडून भांड्यांचा आवाज आला, कुणी तरी ओट्यावर एकटंच काही आवरत असल्यासारखा.

"तिला करत नाहीये मी," काका म्हणाले. "म्हणून तर तुम्हाला केला."